सहा टिंबं

मेडन ओव्हर वहीत कशी मांडायची, हे मला १९८० साली कळलं. मी तेव्हा बारा वर्षांची. आझाद मैदानावर बाबांच्या बँकेची दोन दिवसांची मॅच होती, आई मावशीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि मला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून बाबांनी सोबत घेतलं. तंबूच्या सावलीत एक डुगडुगतं लाकडी टेबल, त्याच्यामागे दोन्ही संघांचे दोन स्कोअरर. बँकेचे स्कोअरर म्हणजे नुकतेच रिटायर झालेले एक काका. त्यांनी माझ्यासाठी तिसरी खुर्ची मागवली, एक अर्धवट भरलेली जुनी वही उघडून दिली आणि पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाले, "धावा सगळ्यांनाच दिसतात गं. आपलं काम टिंबं टाकायचं. टिंब विसरलीस तर ओव्हर पाचाची होईल."

बोलरच्या नावापुढे छोट्या छोट्या चौकटी असतात. एका चौकटीत एक ओव्हर. धाव निघाली तर आकडा, नाही निघाली तर टिंब. तीन टिंबं डावीकडे एकाखाली एक, तीन उजवीकडे. सहाही चेंडूंवर काहीच निघालं नाही की काका ती टिंबं हलक्या हाताने जोडायचे. डावीकडून वर, मध्ये एक खाच, उजवीकडून खाली. इंग्रजी एम. रेडिओवरच्या मराठी कॉमेंट्रीत ज्याला निर्धाव षटक म्हणायचे, ते कागदावर असं दिसायचं. विकेटची ओव्हर निर्धाव गेली तर त्याचाच डब्ल्यू. सहा वेळा काही न होऊन कागदावर एक अक्षर उमटतं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. ओव्हर संपली की काका शेजारच्या स्कोअररला हळूच विचारायचे, "मेडन?" तो मान हलवायचा. मग दोघं पेन्सिली उचलायचे.

ज्यांनी आझाद मैदान पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालतात की आपला फाइन लेग दुसऱ्या कुणाच्या तरी स्लिपला पाठ लावून उभा असतो. मधून ऑफिसला जाणारी माणसं चालत असतात. कोर्ट, महापालिका, व्ही.टी. सगळं हाकेच्या अंतरावर. आजूबाजूला अख्खं शहर धावतंय आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतली माणसं तासन्‌तास उभी आहेत, वाकताहेत, पुन्हा उभी राहताहेत.

त्या मॅचमध्ये समोरच्या संघाने पहिला अख्खा दिवस बॅटिंग केली आणि दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत ओढली. मग आपल्या बँकेचे गडी भराभर पडले. बाबा सातव्या नंबरला गेले तेव्हा खेळ संपायला दोन तासांच्या आसपास वेळ होता. जिंकणं कधीच हातातून गेलं होतं. सगळे बाद झाले नाहीत तर मॅच अनिर्णित राहणार, एवढंच उरलं होतं.

बाबा काही मोठे खेळाडू नव्हते. लेजर सेक्शनमधले कारकून, ऑफिसच्या संघात सातव्या-आठव्या नंबरवर येणारे. पण त्या दिवशी ते काय करताहेत हे मला नीट दिसत होतं, कारण मी टिंबं टाकत होते. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू आला की बाबा डावा पाय पुढे टाकायचे, बॅट उचलून खांद्यावर घ्यायचे आणि मान वळवून चेंडू कीपरच्या हातात जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. कीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये धप्प असा आवाज व्हायचा. टिंब. सरळ आलेला चेंडू बॅटखाली दाबायचे, तो त्यांच्या बुटांशी मरून पडायचा. टिंब. स्पिनर आला, चार माणसं त्यांच्या अंगाशी येऊन उभी राहिली, एकाने तर इतक्या जवळून काहीतरी म्हटलं की बाबांनी हसून त्याला उत्तर दिलं. पुढचा चेंडू पुन्हा पायाशी. टिंब.

बॅट्समनने किती चेंडू खेळले याचा हिशेब तेव्हा आमच्या वहीत ठेवत नसत. मी तो समासात, बाबांच्या नावाच्या शेजारी, पाचपाचच्या गठ्ठ्यांनी काड्या मारून ठेवला. शेवटची ओव्हर संपली तेव्हा बँकेचे नऊ गडी बाद होते. बाबा नाबाद ९. काड्या ९४. काकांनी त्या काड्यांकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त त्याखाली एक बारीक रेघ मारली आणि ९४ हा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला.

परतीच्या लोकलमध्ये मी विचारलं, "बाबा, तुम्ही बाहेरचा बॉल मारत का नव्हता?" ते म्हणाले, "तो माझा नव्हता. ज्याचा त्याला जाऊ द्यायचा." मग त्यांनी मला बापू नाडकर्णींची गोष्ट सांगितली. पुढे ती मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की १२ जानेवारी १९६४ हा रविवार मला माझ्या स्वतःच्या आठवणीतला वाटतो. चाळीच्या गॅलरीत रेडिओ, मद्रासहून येणारा खरखरता आवाज, आणि बापू बोलिंग टाकताहेत. धाव नाही. पुन्हा बापू. धाव नाही. समोर इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. सलग १३१ चेंडू. म्हणजे एकवीस अख्खी षटकं आणि वर पाच चेंडू, एकही धाव नाही. डाव संपला तेव्हा त्यांचे आकडे ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य असे होते. त्यातल्या एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून सलग टाकलेल्या षटकांत, १९ षटकांत १८ निर्धाव आणि एकच धाव. मी एकदा कोऱ्या वहीत तो स्पेल मांडून पाहिला. एमच्या शेजारी एम, एमच्या शेजारी एम. पानावर उभ्या तुटक भिंतीसारखं काहीतरी तयार झालं.

नाशिकचा हा डावखुरा स्पिनर सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडायचा, असं सांगतात. ४१ कसोट्या, ८८ बळी, आणि षटकामागे दोन धावासुद्धा नाहीत, १.६७. ते नुसते धावा रोखत होते असं समजू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी सामन्यात ११ गडी बाद केले. इंग्लंडविरुद्धच्या त्याच मालिकेत कानपूरला पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ करून त्यांनी मॅच वाचवली.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९६३-६४ ची ती मालिका पाच सामन्यांची होती आणि पाचही सामने अनिर्णित राहिले. मद्रासच्या त्या डावात इंग्लंडचे कितीतरी खेळाडू पोट बिघडून आजारी होते. ज्यांनी तिकीट काढून ते पाहिलं त्यांतल्या पुष्कळांना कंटाळा आला असणार, आणि तो खरा होता. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला म्हणायचं नाही. पाच दिवस खेळून काहीच निकाल लागत नसेल तर लोक पाठ फिरवणार, त्यांचं काही चुकत नाही. आजच्या कसोटीत निकाल जास्त लागतात, धावा वेगाने होतात, तेही मला आवडतं. माझं दुःख वेगळ्या ठिकाणचं आहे, आणि ते सांगायला मला भाषेकडेच यावं लागतं.

आपण मराठीत म्हणतो, 'षटक खेळून काढलं', 'दिवस खेळून काढला'. हे काढणं आपल्या ओळखीचं आहे. ताप अंगावर काढतात. आजारी माणसाच्या उशाशी बसून रात्र काढतात. वाईट दिवस काढतात. या काढण्यात लढाईचा आवाज नसतो, पण जो काढतो त्याला ठाऊक असतं की ते किती जड आहे. मुंबईच्या बॅटिंगला लोक 'खडूस' म्हणत आले, त्यातही हेच होतं. खेळपट्टी वाईट असेल, चेंडू वळत असेल, पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून यायचा, कधी छातीवर. मग काय करायचं? टिच्चून उभं राहायचं. तुला बाद करायचं तर त्यांना काहीतरी करावं लागेल, तू स्वतःहून विकेट फेकायची नाही. नाडकर्णी पुढे काही दौऱ्यांवर भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक होते. २०२० साली ते गेले तेव्हा सुनील गावस्करांनी आठवण सांगितली, की त्यांचं पेटंट वाक्य होतं, 'छोडो मत'. बाबांनी पेपरात ते वाचलं आणि कितीतरी वेळ पेपर मांडीवर तसाच ठेवून बसले.

आता मैदानात दुसराच शब्द ऐकू येतो. 'बॉल खातोय.' 'डॉट खाऊ नको रे.' ज्या चेंडूवर धाव निघत नाही तो आता खाल्लेला असतो. दुसऱ्याच्या ताटातला, संघाच्या वाट्याचा, चोरून खाल्लेला. खेळून काढण्यापासून खाण्यापर्यंत, एवढाच प्रवास आहे. पण माझ्या मते पारंपरिक क्रिकेटचं जे काही झालं ते सगळं या दोन क्रियापदांच्या मध्ये झालं.

माझी भाची तेरा वर्षांची आहे, ठाण्याला एका अकॅडमीत जाते. एकदा मी तिला सोडायला गेले आणि नेटमागे तासभर उभी राहिले. समोर मुलींची रांग, प्रत्येकीला बारा चेंडू. बारा चेंडूंत जितके फटके बसतील तितके. कोच ओरडत होते ते 'उचल', 'रूम बनव', 'डॉट नको'. मुली सुंदर मारत होत्या, खरंच. त्या वयात आमच्या ओळखीतल्या एकाही मुलाला तसा स्वीप येत नव्हता. घरी येताना मी तिला विचारलं, "तू ऑफ स्टंपबाहेरचा बॉल कधी सोडतेस?" तिने क्षणभर विचार केला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "वाइड असेल तर, मावशी."

मला तिच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तिला कुणी दुसरं शिकवलं नाही, आणि शिकवून तिने ते कुठे वापरावं? भारताच्या महिला संघाने नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात एकही कसोटी खेळली नाही. साडेसहा वर्षं. एखादी मुलगी विसाव्या वर्षी संघात येऊन सत्ताविशीला पोचली असती, पांढरे कपडे न घालता. डायना एडलजी १९७६ ते १९९१ या काळात २० कसोट्या खेळल्या. आज सांगलीच्या स्मृती मानधनाला अख्खं जग ओळखतं, पण इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला कसोट्या आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जून २०२४ मध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने १४९ केल्या, शफाली वर्माने २०५. संघाने ६ बाद ६०३ वर डाव सोडला. त्या दिवशी मी दिवसभर टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते. ज्यांना हा खेळ इतका कमी मिळतो त्या मुली तो असा खेळतात. जास्त मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

बाबांच्या ऑफिसातलं क्रिकेटही तसंच आटत गेलं. बँका, सिमेंट कंपन्या, कापड गिरण्या, एअरलाइन, तेल कंपन्या, सगळ्यांचे संघ होते. टाइम्स शील्डसारख्या स्पर्धेत कसोटीपटू आणि कारकून एकाच तंबूत चहा प्यायचे. खेळाडूला नोकरी मिळायची, मॅचच्या दिवशी ड्युटी लीव्ह मिळायची. चाळीतल्या मुलाला दोन दिवस, तीन दिवस खेळायला जो वेळ लागायचा त्याचा पगार कुणीतरी भरत होतं. मग नव्वदीनंतर बऱ्याच ठिकाणची खेळाडूंची भरती थांबली, बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली. बाबाही त्यातच बाहेर पडले. कुणीही मुद्दाम क्रिकेट बंद केलं नाही. माणसाच्या दोन दिवसांची किंमत चुकवायला कुणी उरलं नाही, इतकंच.

किंमत आजही आहे, फक्त ती दुसरीकडे आहे. रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला, तो अंतिम अकरात असेल तर, दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. पूर्वीच्या मानाने हे पुष्कळ आहे आणि ते मिळायलाच हवेत. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे ११ लाख २० हजार. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात सर्वांत कमी मूळ किंमत ३० लाख होती. बावीस वर्षांचा एखादा मुलगा, घरी वडील रिक्षा चालवतात, त्याने कुठला फटका घोटून घोटून शिकावा? मी त्याची आई असते तर मी त्याला काय सांगितलं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून मुलांना दोष देणारे लेख मला वाचवत नाहीत. आणि रणजीचा हंगामही आता मधोमध कापलेला असतो. २०२४-२५ मध्ये आधी पाच सामने झाले, मग टी-ट्वेंटी, मग वन-डे, आणि जानेवारीत उरलेले दोन. पायाला सवय लागते न लागते तोच रंगीत कपडे चढवायचे. देशोदेशी हेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला कसोटी खेळायला जो संघ पाठवला त्याच्या कप्तानाचंच कसोटी पदार्पण व्हायचं होतं, कारण नेहमीचे खेळाडू घरच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये अडकले होते.

२०२३ च्या आयपीएलच्या प्लेऑफमध्ये एक गोष्ट झाली. प्रत्येक डॉट बॉलमागे पाचशे रोपं लावण्याचं जाहीर झालं आणि स्क्रीनवर टिंबाच्या जागी हिरवं झाड दिसू लागलं. झाडं लावणं चांगलंच आहे, ती लागली असतील तर मला आनंद आहे. पण ते चित्र बघताना माझ्या घशात आवंढा आला. माझं टिंब तिथे नव्हतं.

२०२४ मध्ये वानखेडेवर आठ महिन्यांच्या अंतराने दोन मॅचेस झाल्या. मी दोन्हींच्या वह्या ठेवल्या आहेत.

पहिली मार्चमधली, रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध विदर्भ. प्रवेश फुकट होता. मी चौथा आणि पाचवा दिवस गेले. विदर्भापुढे ५३८ धावांचं लक्ष्य होतं, म्हणजे जवळजवळ अशक्यच. करुण नायर चौथ्या दिवशी दोनशेहून जास्त चेंडू खेळून ७४ वर बाद झाला. पाचव्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उभे राहिले, आणि जेवणापर्यंत मुंबईला एकही विकेट मिळाली नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ डबा घेऊन आले होते. सकाळी ते मुंबईच्या बाजूने होते. अकरा वाजता गप्प झाले. बाराच्या सुमाराला वाडकरने एक चेंडू सोडला आणि ते स्वतःशीच म्हणाले, "शाब्बास." मैदानात दोन्हीकडून मराठीच ऐकू येत होतं, बोलरला धीर देणारं आणि बॅट्समनला टोचणारंसुद्धा. शेवटी वाडकर १०२ वर गेला, दुबे ६५ वर, आणि ५ बाद ३५३ वरून ३६८ पर्यंत सगळा डाव कोसळला. अखेरची विकेट धवल कुलकर्णीने घेतली, त्याची ती शेवटची मॅच होती. मुंबई बेचाळिसाव्यांदा जिंकली. मी मुंबईची, मला आनंद झालाच. पण माझ्या वहीतलं त्या दिवसाचं सगळ्यांत देखणं पान हरलेल्या संघाचं आहे. चौथ्या डावात विदर्भ एकशे तीसहून जास्त षटकं उभा होता.

दुसरी मॅच नोव्हेंबरची, न्यूझीलंडविरुद्ध भारताची तिसरी कसोटी. बंगळूरला ४६ धावांत सगळे बाद झाले होते, पुण्यात मिचेल सँटनरने १३ बळी घेतले होते, बारा वर्षं घरी न हरलेली मालिका हातातून गेली होती. वानखेडेवर लक्ष्य फक्त १४७. चेंडू वळत होता, हे खरं. एजाझ पटेलने त्या सामन्यात ११ बळी घेतले, आणि तो तर मुंबईतच जन्मलेला. ऋषभ पंत ६४ करून लढला. बाकीच्यांचं पान मी आज उघडून बघते तेव्हा टिंबांच्या रांगाच लागत नाहीत. दोन टिंबं, एक चौकार, विकेट. तीन टिंबं, विकेट. सगळे मिळून १२१, तीस षटकांच्या आत. त्या खेळपट्टीवर वळणारा चेंडू सोडत, दाबत, पायाशी मारत अर्धा दिवस काढणारं कुणी भारताच्या संघात नव्हतं. एकेकाळी परदेशातले संघ आपल्याकडे येऊन असे हरायचे आणि आपण म्हणायचो, यांना वळणारा चेंडू खेळता येत नाही. रांचीला २०१७ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५२५ चेंडू खेळून २०२ करणारा पुजारा तेव्हा संघाबाहेर होता. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निवृत्त झाला.

बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. टीव्ही ते ऐकतात. कॉमेंट्रेटर फार बोलतात म्हणून आवाज बारीक करायला लावतात आणि मला म्हणतात, तूच सांग. १४ जुलै २०२५ ला, लॉर्ड्सच्या पाचव्या दिवशी, मी तेच करत होते. इंग्लंडविरुद्ध जिंकायला भारताला १९३ करायच्या होत्या. लंचपर्यंत ८ बाद ११२. बाबा म्हणाले, "संपलं." पण उठले नाहीत. मी वही घेऊन जमिनीवर बसले होते.

मग जडेजा आणि बुमरा उभे राहिले. मी प्रत्येक चेंडूला सांगायचे. "सोडला." "पायाशी." "पॅडला लागला, बाहेर होता." बाबा प्रत्येक वेळी विचारायचे, "टिंब?" आणि मी म्हणायचे, "टिंब." असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. भाची आतून आली, काय चाललंय म्हणून बघायला उभी राहिली आणि मग माझ्या शेजारी बसली. एक निर्धाव षटक संपलं तेव्हा मी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि टिंबं कशी जोडायची ते दाखवलं. तिचा एम थोडा वाकडा आला. बुमराने ५४ चेंडू खेळून ५ केल्या. अखेर तो पुल मारायला गेला आणि झेल उडाला तेव्हा बाबांनी मांडीवर हात मारला, "कशाला!"

सिराज आला. टीपर्यंत टिकला. टीनंतरही टिकला. जोफ्रा आर्चरचा एक चेंडू त्याच्या दंडावर आदळला, तो वेदनेने कळवळला, पुन्हा उभा राहिला. जडेजा एका टोकाला १८१ चेंडू खेळून ६१ वर नाबाद. रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते, जेवणं राहिली होती, कुणालाच उठवत नव्हतं. मग शोएब बशीरचा तो चेंडू. सिराजने तो बॅटच्या बरोबर मधोमध घेतला. खाली दाबला, अगदी जसा दाबायचा तसा. मी "पायाशी" म्हणून टाकलं आणि टिंब टाकायला पेन्सिल टेकवलीसुद्धा. चेंडू त्याच्या पायामागून हळूहळू घरंगळत गेला आणि स्टंपला लागला. बेल पडली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं. बावीस धावांनी हरलो.

सिराज गुडघ्यावर बसला होता, इंग्लंडचे खेळाडू त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवत होते, तेही सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किती खेळला तो?"

"चार धावा."

"बॉल किती?"

मी काड्या मोजल्या. "तीस."

"लिही मग."

मी सिराजच्या नावाशेजारी, समासात, काड्यांच्या खाली एक बारीक रेघ मारली आणि ३० लिहिलं.